वाफसा आल्याशिवाय पेरणी नको

(शेतकरी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आपण बियाणे, बीजप्रक्रिया आणि खतांच्या मात्रा यांविषयी ऐकले. आता थोडा वेळ घरातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाविषयी बोलू या. मेळाव्याला गेले की मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "बाई, पोरगं साडेतीन वर्षांचं झालं, अजून अ-आ लिहीत नाही. शेजारचं पोरगं तालुक्याला व्हॅनने जातं, ए-बी-सी-डी म्हणतं. आमचं मागं तर पडणार नाही ना?"

या प्रश्नामागची काळजी खरी आहे. आपल्या वाट्याला आलेले कष्ट मुलाच्या वाट्याला येऊ नयेत असे प्रत्येक आईबापाला वाटते. म्हणूनच आधी माझी स्वतःची चूक सांगते.

माझा मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवत असे. मी बालविकास शिकवणारी, तेव्हा माझे मूल सगळ्यांच्या पुढे असले पाहिजे, असा माझा हट्ट. तो रडे, पेन्सिल मोडे, मी रागवे. एक दिवस पाटीच सापडेना. चार दिवसांनी ती कडब्याच्या गंजीत सापडली. त्याने ती लपवून ठेवली होती. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर गोठ्यातल्या वासराच्या गोष्टी सांगणारे ते पोर माझ्यासमोर गप्प राहू लागले. सासूबाई शाळेची पायरी न चढलेल्या, पण त्या म्हणाल्या, "सूनबाई, वाफसा आला नाही अन् पाभर घेऊन निघालीस होय?" पुस्तकातून इतरांना शिकवत होते तेच मला घरी दिसले नव्हते. पाटी मी उचलून ठेवली. पुढे सहाव्या वर्षी ती त्याने स्वतःच मागून घेतली.

हात आधी तयार होऊ द्या

लहान मुलाचे मनगट म्हणजे मोठ्या माणसाच्या मनगटाची छोटी प्रत नव्हे. मनगटातली छोटी हाडे जन्मतः कूर्चेची असतात. ती एकेक करून पक्की होतात आणि हे काम साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालते. पाहून आकार काढण्याचाही एक क्रम आहे. मूल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकाची खूण, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण. काही मुले थोडी आधी, काही थोडी नंतर. 'अ' या एका अक्षरात गोलाई, आडवी रेघ आणि उभा दंड एकत्र येतात. तीन वर्षांच्या मुलाकडून तो घोटून घेणे म्हणजे वासराला औताला जुंपणे होय.

मग तोवर काय करायचे? हात तयार करायचा. त्यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. गवारीच्या शेंगा मोडणे, वाटाणे सोलणे, मेथी निवडणे, कणकेचा लहान गोळा थापणे, तांब्याने झाडाला पाणी घालणे, रांगोळीचे ठिपके जोडणे ही सगळी बोटांची तालीम आहे. पोळ्याला मुले काळ्या मातीचे बैल करतात. ती माती मळताना तळहाताला जो जोर लावावा लागतो, तोच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. म्हणून "हात घाण करू नको" असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला मात्र जरूर शिकवावे.

बोला, विचारा आणि ऐका

या वयात लिहिण्यापेक्षा बोलणे फार मोलाचे आहे. ज्या मुलाकडे शब्दांचा साठा आहे, त्याला पुढे वाचताना ओळखीची माणसे भेटल्यासारखे होते. शेतकऱ्याच्या घरात तर शब्दांची रास पडलेली असते. वखर, पाभर, कासरा, वेसण, दावण, मोट, बांध, धुरा. त्यांतल्या कितीतरी वस्तू आता वापरात नाहीत, पण आजोबांकडे त्यांच्या गोष्टी आहेत.

गुरांना वैरण टाकताना नुसते "सरक बाजूला" म्हणू नका. "या पेंढीतली कोणती ओली आहे ते हात लावून सांग", "ढवळी गाय आज का बरं खात नसेल?" असे विचारा. उत्तर चुकले तरी हसू नका. आणि विचारल्यावर थांबा. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण घाईने त्याचे वाक्य पुरे करून टाकतो आणि त्याची बोलण्याची संधी जाते.

कोणत्या भाषेत बोलावे? घरात जी बोलली जाते तीत. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, गोरमाटी असो, तिची लाज नको. मोडक्या इंग्रजीतले चार शब्द पाठ करून घेण्यापेक्षा आपल्या बोलीतली एक पूर्ण गोष्ट मुलाला जास्त शिकवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. इंग्रजी पुढे जरूर शिकावी. पहिल्या भाषेचा पाया भक्कम असला की दुसरी भाषा सोपी जाते.

गणित खळ्यावर आणि चुलीपाशी

मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते याचे आपल्याला कौतुक वाटते. पण त्याच मुलाला "चार वाट्या आण" म्हटले तर ते कधी तीन आणते, कधी सहा. आकडे म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. जेवायला बसताना माणसागणिक एक ताट, एक वाटी मांडायला सांगा. काढलेली भेंडी कोवळी-जून, वांगी लहान-मोठी अशी वेगळी करायला द्या. प्रतवारी करणे म्हणजे विचार करणेच आहे.

घरात जुनी मापे असतील तर ती माळ्यावरून खाली काढा. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. हे पाठ करून घ्यायचे नाही. मुलाला वाळू द्या आणि चिपट्याने मापटे भरू द्या. दोन वेळा ओतले की भरते, हे त्याचे त्याला कळू द्या. दुप्पट आणि निम्मे या गोष्टी हाताला कळल्या की शाळेत डोक्याला जड जात नाहीत.

शेतावर घ्यावयाची काळजी

शेत हे चांगले शिक्षक आहे, पण तिथे धोकेही आहेत. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळा.

1. बीजप्रक्रिया केलेले लाल-गुलाबी बियाणे मोजायला किंवा खेळायला कधीही देऊ नका. त्यावर विषारी औषध असते. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या व डबे धुऊनसुद्धा खेळणे म्हणून वापरू नयेत.

2. गुंजा, एरंडीच्या बिया, धोत्र्याची फळे आणि पिवळ्या बिट्टीच्या बिया विषारी आहेत. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो असू, तरी मुलांच्या हाती त्या देऊ नका. मोजण्यासाठी मोठे खडे किंवा काड्या वापरा.

3. हरभरा, वाटाणा, शेंगदाणा मुले नाकात-कानात घालतात. दाणा ओला होऊन फुगतो. तो घरी काडीने काढू नका, डॉक्टरांकडे न्या. दाण्यांचे खेळ मोठ्या माणसासमोरच होऊ द्या.

4. शेततळ्याचे प्लॅस्टिक निसरडे असते. आत पडलेल्या मुलाला स्वतः बाहेर येता येत नाही. कुंपण घाला. मळणी यंत्र चालू असताना मूल घरीच ठेवा.

मोबाइल आणि झोप

हाताला काम असले की रडणाऱ्या मुलाला मोबाइल देणे सोपे वाटते. मी कोणाला दोष देत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आईची काय ओढाताण होते हे मला माहीत आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. मोबाइल पुष्कळ बोलतो, पण मुलाचे ऐकून घेत नाही. या वयात दुपारची धरून दहा ते तेरा तास झोपही लागते.

अंगणवाडी आपलीच आहे

लहान मुलांचे शिक्षण ही काही केवळ शहरातली गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी व कोसबाड येथे गरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. तेव्हा अंगणवाडी म्हणजे केवळ खाऊ मिळण्याचे ठिकाण समजू नका. मुलाला रोज वेळेवर पाठवा, ताईंना भेटा, आज काय खेळलात ते मुलाला विचारा.

तीन वर्षे उलटूनही मूल छोटी वाक्ये बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

शेवटी बंधूंना एक विनंती. मुलाचा अभ्यास हे आईचे काम, असे समजू नका. संध्याकाळी पारावर बसण्याआधी अर्धा तास त्याला द्या. बांधावरून फिरवा. आज कपाशीवर काय दिसले ते त्याला सांगा आणि त्याला काय दिसले ते ऐका. शेतात वाफसा येईपर्यंत आपण रिकामे बसत नाही. नांगरट, वखरणी, शेणखत ही कामे चालूच असतात. घरात मुलाशी बोलणे आणि त्याच्या हाताला काम देणे ही तशीच मशागत आहे. ती नीट झाली की पाटी-पेन्सिल ते आपणहून मागेल.