काजळी म्हणजे न जळलेला पैसा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



घणसोली गावात माझे जनरेटर दुरुस्तीचे दुकान आहे. 1970 साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आमची जमीन राहिली, पण कोरडवाहू. म्हणून मी पोटासाठी तिकडे गेलो. कापूस-ज्वारीवाल्याचा खिसा मला ठाऊक आहे.

गाऱ्हाणे एकच येते: दोरी ओढून हात दुखतात, इंजिन दम सोडते. हेड उघडावे तर पिस्टनवर, व्हॉल्व्हवर कार्बनचा थर. हा थर म्हणजे तुम्ही रोख पैसे देऊन घेतलेले आणि न जळलेले तेल!

हे होते कसे? मोटार सुरू होताना कित्येक पट वीज ओढते, म्हणून आपण मोठा जनरेटर घेतो. मग रात्री त्याच्यावर दोन दिवे लावतो. भार नाही, तर इंजिन तापत नाही; तापत नाही, तर तेल पुरते जळत नाही. डिझेल इंजिनावर निदान तिसरा हिस्सा भार ठेवा. दिव्यापुरते काम असेल तर बॅटरी बरी.

धूर ओळखा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा तेल जास्त; आधी एअर फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. रिंगा चिकटल्या किंवा झिजल्या असतील. रॉकेलवर चालणारे इंजिन पेट्रोलवर सुरू करा, तापल्यावर रॉकेलवर घ्या आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणा. फवारणी पंप टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल मापानेच घाला. अंदाजाने जास्त ओतले की सायलेन्सर बुजलाच.

थर काढायचा तर इंजिन थंड असू द्या. पिस्टन वर आणा, थर रॉकेलने भिजवा, बांबूच्या चिपाडीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर लावू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. खरवड पुसून काढा, गॅस्केट नवे घाला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

शेवटची गोष्ट जिवाची. बंद खोलीत, गोठ्यात जनरेटर कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही.

वीज वेळेवर मिळाली तर हे लोढणे गळ्यात नको, हे खरेच. पण तोवर इंजिन आपले आहे, पैसा आपला आहे आणि जीवही आपलाच आहे.