फॉर्मला कडी हवी, गिऱ्हाइकाची झडती नको



पापड, कुरडया, मसाले विकणाऱ्या आपल्या बऱ्याच बचत गटांच्या आता वेबसाइट झाल्या आहेत. त्यांवर संपर्काचा फॉर्म असतो. गिऱ्हाईक त्यात नाव, फोन नंबर आणि काय हवं ते लिहितं, आणि ते आपल्या ईमेलवर येतं. आम्ही गटांना हा फॉर्म ठेवायला आवर्जून सांगतो, कारण त्यामुळे कोणा ताईचा स्वतःचा मोबाइल नंबर जगासमोर मांडावा लागत नाही. नंबर उघडा पडला की रात्री-अपरात्री कसले फोन येतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

पण याच फॉर्ममधून कचराही येतो. ‘तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणू’, ‘झटपट कर्ज’, आणि सोबत एखादी लिंक. हे सहसा कोणी बसून लिहीत नाही. बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम दिसेल तो फॉर्म भरत सुटतात. फराळाची खरी ऑर्डर त्या ढिगात दडली, तर नुकसान लाडू वळणाऱ्या बाईचं होतं.

यावर लोक बहुधा कॅप्चा लावतात: वेडीवाकडी अक्षरं ओळखा, सिग्नलची चित्रं निवडा. त्यातला सगळ्यांना माहीत असलेला रीकॅप्चा २००९ पासून गुगलचा आहे. तो लावला की फॉर्म उघडणाऱ्याच्या ब्राउझरची आणि पानावरच्या हालचालींची माहिती गुगलकडे जाते. अर्धा किलो मेतकूट मागणाऱ्या आजींची एवढी झडती कशाला? शिवाय नजर अधू असलेल्यांना ती चित्रं ओळखता येत नाहीत.

वेबसाइट करून देणाऱ्याला त्याऐवजी चार गोष्टी सांगा.

पहिली, लपवलेला रकाना. याला हनीपॉट, म्हणजे मधाचं भांडं म्हणतात. माणसाला तो दिसत नाही, म्हणून रिकामा राहतो. बॉट पानाचा कोड वाचून तोही भरतो आणि सापडतो. मात्र अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासूनही तो लपवायला सांगा, नाहीतर त्या विनाकारण अडकतील.

दुसरी, वेळ. नाव, पत्ता, मागणी असं सगळं दोन सेकंदांत भरून आलं, तर ते माणसाचं काम नव्हे.

तिसरी, घरगुती प्रश्न. ‘पुरणपोळीच्या पुरणाला कोणती डाळ?’ उत्तर चणा, चना, हरभरा कसंही लिहिलं तरी चालू द्या.

चौथी, गिऱ्हाइकाच्या मोबाइललाच एक छोटं गणित घालायचं. मोबाइल ते स्वतःच सोडवतो, माणसाला काही करावं लागत नाही. एका फॉर्मला क्षणभर लागतो, पण हजारो फॉर्म भरणाऱ्याला ते महागात पडतं. ही युक्ती ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ईमेलसाठी ‘हॅशकॅश’ नावाने मांडली. आज ‘आल्टचा’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर तेच करतं आणि ते आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतं.

यातून सगळा कचरा थांबेल असं नाही. म्हणून संशयित संदेश पुसू नका. ते वेगळ्या कप्प्यात जाऊ द्या आणि सणाच्या दिवसांत रोज एकीने तो कप्पा बघावा. त्यातली लिंक मात्र उघडायची नाही.

आणि आपणही जरुरीपुरतंच विचारू. जन्मतारीख, आधार नंबर कशाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही रोख हाच आहे: माहिती कामापुरतीच घ्या, काम झालं की काढून टाका. गिऱ्हाइकाचा नंबर गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. आपला नंबर आपण जसा जपतो, तसाच तिचाही.

पुढच्या मासिक बैठकीत एकीने आपल्या मोबाइलवरून फॉर्म भरून पाहा. संदेश पोचतो का, किती वेळात पोचतो आणि कोण वाचतं, एवढं तपासा आणि बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.