अंगणातली आपली झाडे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे चूल आणि मूल. पण यंदा मंडळाने अंगणातील कुंड्यांसाठी पैसे बाजूला काढले आहेत, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

आधी माझी चूक सांगते. आमच्या दारात सासूबाईंनी लावलेला कढीलिंब होता. एका पावसाळ्यात त्यावर हिरव्या अळ्या पडल्या. मला किळस आली. मी झाड मुळासकट काढले आणि तेथे रंगीत क्रोटन लावला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या वेळी मात्र त्या सवयीने दाराकडे निघाल्या आणि तशाच परत फिरल्या.

पुढे मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले. पूर्वी तेथे शहराचा कचरा टाकीत. त्याच जागेवर झाडे लावून १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. आज तेथे ३७ एकरांत रान उभे आहे. तेथे बाईंनी मुलांना सांगितले, की कढीलिंबावरच्या अळीचे पुढे काळे फुलपाखरू होते. माझ्या पोटात धस्स झाले.

भगिनींनो, बहुतेक अळ्या ठराविक झाडांचीच पाने खातात. रुईवरची अळी रुईच खाईल. परमुलखातल्या शोभेच्या झाडावर आपल्याकडच्या फार थोड्या अळ्यांचे पोट भरते. अळ्या आणि किडे नसले, तर चिमणीने पिलांना भरवायचे काय?

परके ते सारेच टाका, असे माझे म्हणणे नाही. झेंडू मेक्सिकोकडचा, पण त्याच्यावाचून आपला दसरा होत नाही. मात्र श्रावणात जिवतीच्या माळेसाठी आघाडा-दूर्वा दादरच्या बाजारातून विकत आणाव्या लागतात आणि आपल्या मुलींना आघाडा ओळखता येत नाही, हे काही बरे नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी: कुंड्यांत तुळस, अबोली, मोगरा, अडुळसा लावू. पसरट कुंडीत दूर्वा, जुन्या पिंपात कढीलिंब. पिंपाच्या तळाला भोके मात्र पाडावीत, नाहीतर मुळे कुजतात. कोपऱ्यातल्या मातीत पारिजातक. मोठ्या झाडाला जागा मिळालीच, तर ताम्हण लावावा. तो आपल्या राज्याचे फूल आहे. लागण पहिल्या पावसात करावी. पाने कुरतडलेली दिसली, तरी लगेच औषध मारू नये.

मी दारात पुन्हा कढीलिंब लावला आहे. तो पाहायला सासूबाई आज नाहीत. अळ्या आल्या, की थोडी पाने त्यांची, थोडी आमची.