सात दिवस गावात, गल्लीत एकही नाही



तलासरी, जव्हार, हरसूलहून गाड्या बदलत जे इथपर्यंत आलेत, त्यांचे आधी आभार. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, राहतो सिल्वाशातच. बोलायचंय विद्यापीठांबद्दल, पण सुरुवात एका नोटिशीपासून करतो.

आमच्या मागच्या चाळीत ओडिशाहून आलेलं एक कुटुंब राहतं. मुलीच्या शाळेतून गुजरातीत नोटीस आली. ती घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांची भाषा ओडिया, माझी मराठी, बोलणं मोडक्या हिंदीत. गुजराती मला बोलता येतं, पण वाचताना दम लागतो. शेवटी शेजारच्या धोडिया मैत्रिणीला हाक मारली, ती गुजराती माध्यमातली. तिने वाचून सांगितलं : आधीच्या शाळेचा दाखला जमा करा. मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती.

त्याच आठवड्यात मी एनएसएसच्या शिबिराला होतो. सात दिवस, दत्तक गावात. रस्ता झाडला, रोपं लावली, पथनाट्य केलं. वाईट काहीच नव्हतं. पण मी गावात झाडू मारत होतो, तेव्हा ती नोटीस चाळीत घडी होऊन पडली होती. मी घरी असतो, तर कदाचित वेळेत वाचून झाली असती.

आता आकडे बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या जवळपास ५६ टक्क्यांनी वाढली. देशात सगळ्यात जास्त. आदिवासींची संख्या वाढली, टक्का मात्र ६२ वरून ५२ वर आला. कारखाने आले, कामगार आले, वारली घरांच्या मागे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आणि आपलं शिबिर अजून गावातच भरतं! २०१४ चं उन्नत भारत अभियानसुद्धा गावांसाठीच. शहरातली चाळ आपल्या शिबिराच्या यादीत नाही.

दुसरी गंमत. सिल्वाशातली काही कॉलेजं पुणे विद्यापीठाशी संलग्न, काही सुरतच्या. तिकडे तलासरी-जव्हार मुंबई विद्यापीठाकडे, हरसूल पुन्हा पुण्याकडे. वारली समाज एकच, विद्यापीठं तीन. संलग्नता म्हणजे काय? अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी. त्या कागदावर चाळीचं नाव कुठे येणार?

येऊ शकतं, हे मुंबईत दिसलंय. टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला, म्हणजे एम-पूर्व वॉर्डात. गोवंडी, मानखुर्द, डम्पिंग ग्राउंड, सगळं आसपास. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात हाच वॉर्ड तळाला. २०११ मध्ये संस्थेला ७५ वर्षं झाली, तेव्हा तिने आपल्याच वॉर्डात काम सुरू केलं. वस्त्या-वस्त्यांत फिरून पाहणी झाली. वॉर्ड बदलून गेला असं मी म्हणत नाही, गोवंडीत जाऊन बघा. पण शेजारी कोण राहतं हे विचारायला संस्था कुंपणाबाहेर आली.

आपल्या पेजवर कमेंट येते, 'मग मराठीचं काय?' रास्त आहे. मराठी शाळा हवी, मराठी पाटी हवी, मीही मागतो. पण ही जमीन आधी वारली-कोकणा-धोडियांची आहे, आपण त्यांच्यानंतरचे. त्या वहिनींना गुजराती नोटीस कळत नाही, ही अडचण आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या याच कारणाने कचेरीत ताटकळल्या आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. शिबिराच्या सातपैकी तीन दिवस शहरातल्या एका वॉर्डाला द्या. पाहणी करायची, तर प्रश्न वारली, ओडिया, भोजपुरी येणाऱ्या मुलांनीच ठरवावेत. त्यांना नुसतं फॉर्म वाटायला नेऊ नका. त्या कामाचं क्रेडिट मार्कशीटवर दिसावं. आणि आकडे आधी चाळीत वाचून दाखवायचे, मग पुण्याला किंवा सुरतेला पाठवायचे. फॉर्म भरून घेऊन गायब होणारे लोक चाळीने भरपूर बघितलेत.

प्राचार्यांसाठी अर्ज लिहून झालाय, मराठीत आणि गुजरातीत. ओडियातला मसुदा वहिनी तपासतायत. वारलीत कोण लिहून देईल? तलासरीवाल्यांनो, जेवण झालं की मला भेटा.