पांढऱ्या पेशींची पकड

मुंबई शहरातील गोठे वस्तीबाहेर नेण्याच्या सरकारी योजनेतून १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस जी आरे दुग्धवसाहत उभी राहिली, तिचे नाव काढताच म्हशींचे कळप आणि दुधाच्या बाटल्या आठवतात. परंतु गुरांच्या रक्तातील एका प्रथिनाची हकिकत माणसाच्या आरोग्याशीही निगडित आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

‘सीडी-१८’ हे त्या प्रथिनाचे नाव. जखमेत जंतू शिरले, म्हणजे रक्तातून वाहणारी पांढरी पेशी प्रथम वाहिनीच्या भित्तीवर गडगडत जाते. मग हे प्रथिन, भर प्रवाहात टाकलेल्या नांगराप्रमाणे, तिला जागीच रोखून धरते, आणि त्यानंतरच ती चपटी होऊन, भित्तीतील पेशींच्या सांध्यांमधून, जखमेकडे सरकते. ज्या बालकात हे प्रथिन जन्मतःच सदोष असते, त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी असूनही जखमेत पू म्हणून धरत नाही. होल्स्टिन जातीच्या गुरांतही हाच दोष आढळल्याने, आपल्या देशात त्या जातीच्या पैदाशीच्या वळूंची तत्संबंधी तपासणी करण्याचा दंडक आहे.

मानवी विकाराचे निदान परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत होते. तीव्र विकारावर अस्थिमज्जारोपण हा उपाय. नाळ उशिरा गळणे हे या विकाराचे एक लक्षण; तेव्हा तान्ह्या बाळाची नाळ तीन-चार आठवडे लोटूनही गळून पडली नाही, तर घरगुती इलाजांत वेळ न दवडता डॉक्टरांस अवश्य दाखवावे.