राखेला गिऱ्हाईक, पऱ्हाटीला काडी
(अचलपूर येथील बैठकीतील भाषण)



आज राखेबद्दल बोलायचे आहे. चुलीतल्या नव्हे, वीजघरातल्या. पारसला 250 मेगावॅटचे 2 संच आहेत, अमरावतीजवळ नांदगावपेठेला 270 चे 5. आपल्या देशातला दगडी कोळसा शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. पूर्वी वीजघरे ती पाण्याबरोबर तळ्यात सोडून देत. तळे सुकले की ती भोवतालच्या वावरात उडायची.

14 सप्टेंबर 1999 ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली. वीजघराच्या 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळायची आणि वीजघरांनी ती दहा वर्षे फुकट द्यायची. कारण सांगितले सुपीक माती वाचवण्याचे. ते खोटे नव्हते. एका एकरातली अर्धा फूट माती काढली तर सातआठशे टन भरते, म्हणजे अडीच लाख विटा. वावर मात्र कायमचे जाते.

पुढे सिमेंटवाल्यांनी हिशेब केला. बारीक कोरड्या राखेतली सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी मिळून घट्ट होते, म्हणून सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत राख चालते. पोत्याचा तिसरा हिस्सा राखेचा! मग फुकटच्या राखेची निविदा निघू लागली.

सातपुड्याच्या पलीकडे भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेने तर राख, ॲल्युमिनियम कारखान्याचा लाल चिखल, ताग आणि राळ यांची दारे केली. लाकूड नाही, वाळवी नाही. राळ महाग, राख स्वस्त. राखेची भर घातली की राळ कमी लागते आणि फळी ताठ होते. यात नवल ते काय? आपल्या आजीने चिखलात कुटार कालवून भिंत घातली, ती हीच विद्या.

एक सावधगिरी. राखेत शिसे, आर्सेनिक यांचे अंश असतात. सिमेंटमध्ये किंवा दारात ते बांधले जातात, वावरात मोकळे राहतात. खत म्हणून राख टाकायला कोणी आले तर आधी तपासणीचा कागद मागा.

आता आपले पाहा. एकरी टनभर पऱ्हाटी निघते. थोडी चुलीत जाते, बाकी धुऱ्यावर पेटवतो. बोंडअळीसाठी ती वेळेवर उपटावी लागते, हे खरे. पण मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने याच पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. मग अडते कुठे? वाहतुकीत. पऱ्हाटी हलकी आणि पसरट, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. गावातच तिचा भुगा झाला तर गणित बदलते. राखेला कायद्याने गिऱ्हाईक मिळवून दिले, पऱ्हाटीचे आपल्यालाच पाहावे लागेल.

तेव्हा पऱ्हाटी उचलायला माणूस आला तर "कचरा आहे, घेऊन जा" म्हणू नका. वजन कुठे होणार, ओलाव्याची कपात किती, उपटणीची आणि गाडीभाड्याची मजुरी कोणाच्या माथी, हे विचारा. पाला वावरातच झाडून घ्या, तो जमिनीचा आहे. काड्यांचा भाव गावाने एकत्र बसून ठरवावा, आणि तो यंदाच्या उपटणीआधी ठरवावा.