एचआयव्हीची माहिती अडते कुठे?

इथून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, पुढे साताऱ्यावरून सांगली. एचआयव्हीची माहिती माणसांपर्यंत कशी न्यावी, हे सांगलीकडून शिकावं. 'संग्राम' संस्था तिथे १९९२ पासून काम करते. वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध दिले, शंका सोडवल्या. पुढे 'व्हॅम्प' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. आंतरराष्ट्रीय अहवालांत याला 'पीअर एज्युकेशन' म्हणतात. ज्ञान आधी बायकांकडे होतं, शब्द नंतर आला.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात डॅशबोर्ड रंगवला की काम झालं असं वाटतं! पण औषधं रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जिनिव्हातल्या तज्ज्ञांना हे कधीचं ठाऊक आहे. महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यात किती जणांना? इथे अजून ताट वेगळं करण्याची भाषा होते. त्या भीतीने माणूस तपासणीच टाळतो, मोफत मिळणारी औषधंसुद्धा घेत नाही.

दुसरी बाजूही पाहा. आजाराची माहिती पसरवायची, आजाऱ्याचं नाव नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही गुप्तता हक्क म्हणून दिली आहे. व्हॉट्सअॅपवर कुणाचा रिपोर्ट आला तर पुढे पाठवू नका. त्याऐवजी नॅकोचा मोफत हेल्पलाइन क्रमांक १०९७ पाठवा. घरात कुणी मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवत असेल, तर त्याला आधी.